पाणबुडीच्या हॅचला ओ-रिंगची खाच: आधी रिंग, मग गणित, शेवटी लेथ

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात गेल्या काही वर्षांत हौशी पाणबुड्यांच्या हॅचची, म्हणजे माणूस आत उतरतो त्या तोंडाची, तीन झाकणं येऊन गेली. तिन्ही गळकी होती आणि गंमत म्हणजे तिन्हींची ओ-रिंगची, म्हणजे गोल रबरी सीलची, खाच दिसायला अगदी सुबक होती. एकाने पंपाच्या कव्हरसाठीचा खाचेच्या मापांचा तक्ता जसाच्या तसा उचलला होता. दुसऱ्याने खाच मारून घेतली आणि मग ज्यावर झाकण बसतं ती कॉलर हलला, म्हणजे पाणबुडीच्या कवचाला, वेल्ड केली. तिसरा खाच तयार झाल्यावर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर तिच्या मापाची रिंग शोधत फिरत होता. मापं कोणाचीच फारशी चुकली नव्हती, सगळ्यांचा क्रम चुकला होता. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे, आणि क्रमानेच वाचा.

इथे फक्त हॅचच्या सपाट तोंडावरच्या सीलबद्दल लिहिलं आहे. हलची जाडी, रिब, बॅलास्ट, श्वासाची हवा यातलं काही नाही. तो हिशोब नेव्हल आर्किटेक्टने तपासल्याशिवाय आत माणूस बसवायचा नाही, मग खाच कितीही उत्तम असो.

उदाहरणासाठी एकच हॅच घेऊ: खाचेच्या आतल्या भिंतीचा व्यास ६०० मि.मी., रबराचा दोर ६ मि.मी. जाडीचा, कामाची खोली २० मीटर. खाली कॉलर हलला वेल्ड केलेली, वर घुमटाकार झाकण, झाकणाला सपाट फ्लँज (कॉलरवर टेकणारी कड).

## १. दाब कुठून येतो ते आधी कागदावर लिहा

हसू नका, खरंच लिहा. कुकरमध्ये वाफ आतून बाहेर ढकलते. पाइपाच्या फ्लँजमध्ये, पंपाच्या कव्हरमध्ये, हायड्रॉलिक सिलिंडरच्या टोकाला तसंच. बाजारात मिळणारे बहुतेक तक्ते अशाच कामांसाठी वापरले जातात आणि त्यात रिंग खाचेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेली असते, कारण दाब तिला तिकडेच रेटणार असतो.

पाणबुडी म्हणजे उलटा कुकर. पाणी बाहेरून आत येऊ पाहतं आणि रिंगेला मध्याकडे ढकलतं. म्हणून इथे रिंग पहिल्या क्षणापासून आतल्या भिंतीवर बसलेली हवी, आणि खाचेचं मुख्य माप म्हणजे तिचा आतला व्यास. बाहेरचा व्यास मागाहून रुंदीवरून निघतो.

उलटं केलं तर काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या झाकणात रिंग बाहेरच्या भिंतीला घट्ट होती. टाकीत मीटरभर पाण्याखाली दाबल्यावर ती आत सरकली, जेमतेम एक मि.मी. पण त्रिज्या एक मि.मी.ने कमी झाली की परिघ सहा मि.मी.ने कमी होतो, आणि ते सहा मि.मी. रबर जाणार कुठे? रिंगेला दोन ठिकाणी नागमोडी वळण पडलं आणि पाणी बरोबर तिथूनच आलं. वर काढून झाकण उघडलं तर वळणांच्या जागी तळाचं ग्रीस साफ पुसलं गेलेलं.

तपासा: ड्रॉइंगवर खाचेच्या शेजारी बाण काढून "पाणी या बाजूने" असं लिहा. टर्नरला ते वाचायची गरज नसेल, तुम्हाला आहे.

## २. खाच झाकणात की कॉलरमध्ये

दोन्ही चालतं, दोन्हींत त्रास आहे.

कॉलरमध्ये खाच काढली तर तोंड वर असतं, रिंग आपोआप बसून राहते आणि मशीनिंग सोपं पडतं. पण आत उतरणारा प्रत्येक माणूस तिच्यावर पाय देतो. वाळू, पत्र्याचा कीस, पावसाचं पाणी, सगळं खाचेत जमतं. झाकणात काढली तर खाच स्वच्छ राहते, पण झाकण उघडल्यावर रिंग लोंबकळून हॅचच्या गळ्यात पडू शकते. तिला धरून ठेवायला आत रुंद आणि तोंडाला अरुंद अशी डव्हटेल खाच काढतात. ६०० मि.मी. व्यासावर तसली खाच साध्या गाळ्यात नीट निघत नाही. टूल आत घालणं, ते फिरवणं, मग तिचं माप घेणं, तिन्ही ठिकाणी चुकायला वाव.

माझं मत: खाच झाकणात, भिंती सरळ, आणि रिंग दोन टक्के लहान करून आतल्या भिंतीवर ताणून बसवलेली. तेवढ्या ताणाने ती उलटी असतानाही धरून राहते. आतल्या भिंतीचा नियम इथे आपसूक पाळला जातो हा वरचा फायदा.

दोन खाचा, दोन रिंगा काढायचा मोह बऱ्याच जणांना होतो. मी तो सोडून दिलाय. दुसऱ्या रिंगेने झाकण बंद करायला लागणारं बळ जवळजवळ दुप्पट होतं, आणि ते किती मोठं असतं ते पाचव्या टप्प्यात कळेल.

## ३. रबर विकत घ्या, मगच पेन उचला

तयार ओ-रिंगांची मापं ठरलेली असतात. इंची मालिकेत जाडी १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ आणि ६.९९ मि.मी. अशी येते. सहाशेच्या आसपासच्या व्यासाला हवी तशी तयार रिंग मिळणं नशिबाचा भाग, त्यामुळे बहुतेक जण दोर घेऊन जोड मारून घेतात. नागदेवीला रबर आणि ऑइल सीलच्या दुकानांत ६ मि.मी. दोर सहज मिळतो. तो आणा, मोजा, आणि मग खाच ठरवा. दुकानदार "सहाचा" म्हणतो तो सहाचाच असेल असं नाही.

दोर मोजायची युक्ती: मऊ रबरावर व्हर्नियर दाबलं की ते खोटं बोलतं. दहा छोटे तुकडे कापून शेजारी शेजारी ठेवा, दोन सपाट पट्ट्यांमध्ये नुसते टेकवा, एकूण माप घ्या आणि दहाने भागा. तुकडे रोलच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. त्यात एखादा पाव मि.मी.ने वेगळा निघाला तर तो रोल परत करा.

रबर कोणतं? नायट्राइलला तेल चालतं, पण ऊन आणि ओझोन सोसत नाही, तडे जातात. ईपीडीएम ऊन-पाऊस उत्तम सोसतं, समुद्राचं पाणीही, पण डिझेल किंवा खनिज तेल लागलं की फुगतं. निओप्रीन दोन्हींच्या मधलं. पुस्तकी उत्तर ईपीडीएम असेल. पण भाऊच्या धक्क्याच्या आसपासच्या पाण्यावर डिझेलचा रंगीत तवंग ज्याने पाहिलाय त्याला ते उत्तर पुरत नाही. मी नायट्राइल घेतो, बोट उभी असताना हॅचवर कापड टाकतो आणि दर मोसमात रिंग बदलतो.

कडकपणा शोअर ए मापात सांगतात. दुकानात बहुधा ७० मिळतो. उच्च दाबाला रबर फटीतून पिळून बाहेर येतं म्हणून तिथे ९० वापरतात. आपल्या हॅचमध्ये धातूवर धातू बसतो, फट राहत नाही, आणि २० मीटरला दाब जेमतेम दोन बार. त्यामुळे कडक रबराचा फायदा काहीच नाही, तोटा मात्र मोठा, तो पाचव्या टप्प्यात दिसेल. ६० मिळाला तर तोच घ्या.

सावधान: ग्रीस रबर बघून लावा. ईपीडीएमला पेट्रोलियम ग्रीस चालत नाही, सिलिकॉन ग्रीस चालतं. सिलिकॉन रबराला सिलिकॉन ग्रीस चालत नाही. आत ऑक्सिजनचं सिलिंडर असेल तर तेलकट काहीही त्याच्या जवळ नेऊ नका.

## ४. तीन आकडे: खोली, रुंदी, लांबी

ज्यासाठी लोक हा लेख उघडतात तो भाग हाच, पण वरचे तीन टप्पे टाळून इथे आला असाल तर परत जा.

खोली. झाकण पूर्ण बसलं की फ्लँज कॉलरला धातूवर धातू टेकतो. म्हणजे रिंगेला उभी जागा तेवढीच, जेवढी खाच खोल. रिंग तिच्या जाडीच्या किती टक्के दबली याला आम्ही चेप म्हणतो. सपाट तोंडाच्या, न हलणाऱ्या सीलला वीस ते तीस टक्के चेप हवी. मी पंचवीसच्या आसपास धरतो. दोर ६ मि.मी., खोली ४.५ मि.मी., चेप २५ टक्के.

आता ताणाचा परिणाम. रिंग दोन टक्के ताणली की तिची जाडी एक टक्क्याने उतरते, कारण रबराचं घनफळ बदलत नाही. ६.०० ची ५.९४ झाली, चेप २४ टक्के. ठीक. पण कोणी पाच-सहा टक्के ताण देऊन "छान घट्ट बसली" म्हणतो, तेव्हा तो चेप खात असतो आणि रबराला लवकर म्हातारं करत असतो.

रुंदी. दाबलेलं रबर आडवं पसरतं. त्याला जागा दिली नाही तर झाकण बंदच होणार नाही, किंवा धारेवर रबर कापलं जाईल. रबराने खाचेचं क्षेत्रफळ ८५ टक्क्यांपेक्षा जास्त भरता कामा नये. सहाच्या दोराचं छेदाचं क्षेत्रफळ २८.३ चौ. मि.मी. खाच ४.५ खोल आणि ७.८ रुंद घेतली तर ३५.१ चौ. मि.मी. म्हणजे ८१ टक्के भरली. दोर जाड बाजूला ६.१५ निघाला तर ८५ च्या काठावर येतो, म्हणून ७.८ पेक्षा अरुंद नको. फार रुंदही नको, रिंगेला फिरायला अंगण मिळतं.

लांबी. खाचेचा आतला व्यास ६००, बाहेरचा ६१५.६. रिंगेचा मोकळा आतला व्यास दोन टक्के कमी, म्हणजे ५८८. दोराच्या मध्यरेषेचा व्यास ५९४, आणि कापायची लांबी ५९४ गुणिले ३.१४१६, म्हणजे १८६६ मि.मी. इथली नेहमीची चूक म्हणजे आतल्या व्यासावरून, ५८८ वरून, लांबी काढणं. मध्यरेषा विसरली की दोर १९ मि.मी. आखूड पडतो आणि ताण तीन टक्क्यांच्या वर जातो.

तपासा: सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड मोजमापासाठी चेप आणि भरण दोन्ही परत काढा. ५.८५ ला चेप २३ टक्के, ६.१५ ला २७. दोन्ही टोकं पट्ट्यात बसली तरच ड्रॉइंग पुढे द्या.

## ५. शंभर मि.मी.चा तुकडा आणि डंबेल्स

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही. माझ्या मते निम्मी गळकी झाकणं इथूनच येतात.

लोक समजतात झाकणाचं वजन रिंग दाबेल. करून बघा. लोखंडी पट्टीत ४.५ खोल, ७.८ रुंद सरळ खाच मिलिंगवर मारून घ्या, त्यात दोराचा १०० मि.मी. तुकडा ठेवा, वर दुसरी सपाट पट्टी, आणि तिच्यावर वजनं रचत जा. दोन्ही पट्ट्या पूर्ण टेकेपर्यंत किती किलो लागले ते लिहा. आमच्या गाळ्यात ७० शोअरच्या तुकड्याला ५५ किलोच्या आसपास लागले, ६० च्या तुकड्याला ३८. व्यायामशाळेतून उसने आणलेले डंबेल संपले तेव्हा काकांनी, म्हणजे आमच्या टर्नरने, स्वतः वर पाय ठेवला होता.

आता गुणाकार. खाचेवर रिंगेची मध्यरेषा सुमारे १९०४ मि.मी. म्हणजे ७० च्या दोराला पूर्ण बंद व्हायला हजार किलोंहून जास्त, ६० च्या दोराला साधारण ७२० किलो. तुमचं झाकण पन्नास किलोंचं असेल.

खोल पाण्यात काळजी नाही. दर १० मीटरला समुद्र या झाकणावर जवळजवळ ३ टन ठेवतो, २० मीटरला ५.९ टन. पण ७२० किलो मिळायला सुमारे अडीच मीटर खाली जावं लागतं, आणि ७० चा दोर असेल तर साडेतीन मीटर. तोवर रिंग दाबून धरायचं काम कड्यांचं. हॅच गळतो तो याच पट्ट्यात, लाटा झाकणावरून जात असताना, माणूस नुकताच आत बसून कडी ओढत असताना. खाच २० मीटरसाठी काढली असं म्हणायला छान वाटतं, प्रत्यक्षात ती पहिल्या तीन मीटरसाठी काढायची असते.

थोड्या चेपेवरही रिंग पाणी अडवते, हे खरं. पण ती चेप सगळीकडे सारखी असेल तरच. म्हणून एका मधल्या कडीपेक्षा परिघावर सहा कड्या बऱ्या, प्रत्येकीला १२० किलो, पाचराच्या उतारावर चढणाऱ्या. कडीचा दांडा झाकणातून जातो तिथे त्याची स्वतःची छोटी ओ-रिंग लागते, ती विसरू नका.

सावधान: कड्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडता आल्या पाहिजेत. आतला माणूस बेशुद्ध असेल तर वरच्याला झाकण उघडता यायला हवं. आणि उघडण्याआधी आतला-बाहेरचा दाब सारखा करायला एक छोटा व्हॉल्व्ह ठेवा. आत सिलिंडरमधून हवा सुटून दाब थोडा जरी वाढला असेल तर झाकण तोंडावर येतं: ०.१ बार म्हणजे या व्यासावर जवळपास ३०० किलो.

## ६. वेल्डिंग, भट्टी, मग लेथ

क्रम असा: प्लेट कापा, गोल करा, सगळं वेल्डिंग संपवा, त्याने धातूत उरलेला ताण भट्टीत काढा, आणि शेवटी मशीनिंग. साध्या कार्बन स्टीलला ताण काढायला ६०० ते ६५० अंश सेल्सिअसवर, दर २५ मि.मी. जाडीला तासभर ठेवतात आणि भट्टीतच हळू थंड होऊ देतात. स्टेनलेसला हा उपाय आंधळेपणाने लावू नका, त्या तापमानात ते गंजायला मोकळं होतं.

खाच आधी आणि वेल्डिंग मागून, हे करणारा माणूस दर वेळी सांगतो की "टाके टाके घेऊन वेल्ड केलं, हललं नाही". डायल, म्हणजे बारीक चढउतार दाखवणारं घड्याळी माप, लावून बघितलं की हललेलं असतं. दुसऱ्या झाकणाच्या कॉलरला परिघावर ०.७ मि.मी. चढउतार निघाला. चेप एकूण दीड मि.मी. असताना त्यातली निम्मी तिथेच गेली.

कॉलर हलला लागलेली असताना ती फिरवायला मोठं मशीन लागतं. सहाशे व्यासाला व्हीटीएल (उभा मोठा लेथ) लागतो, आणि हल लांब असेल तर तोही पुरत नाही. मग गळ्याचा भाग वेगळा वेल्ड करून, भट्टी करून, मशीन करून आणायचा आणि हलशी शेवटचा जोड सीलच्या तोंडापासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवायचा. त्यानंतर डायल परत लावायचाच.

टर्नरला द्यायच्या सूचना, आमच्याकडे भिंतीवर चिकटवल्यात त्याच:

- फ्लँज आणि कॉलर, दोन्ही तोंडांची सपाटी पूर्ण परिघावर ०.१ मि.मी.च्या आत.
- खाचेची खोली ४.५, फरक ०.०५. रुंदी ७.८, फरक फक्त जास्तीकडे ०.२.
- तळ आणि समोरचं तोंड, खरबरीतपणा (आरए) १.६ मायक्रॉन किंवा बरं. टूलच्या रेघा गोलच राहू द्या.
- तळाच्या कोपऱ्यांना ०.५ ची गोलाई, वरच्या दोन्ही धारांना ०.२. नुसती बर (धारेवर राहिलेला धातूचा कीस) काढली म्हणजे धार मोडली असं नाही, नखाने फिरवून बघा.

रेघांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे चांगली माणसं चुकतात. लेथच्या रेघा परिघाच्या दिशेने असतात, पाण्याला आडव्या, म्हणून त्या थोड्या खरबरीत असल्या तरी चालून जातं. मग कोणीतरी चमक आणायला एमरी पेपर घेतो आणि आतून बाहेर घासतो. त्यातली बाहेरून आत जाणारी एक रेघ रिंगेखालून आत येणारं गटारच होते. घासायचंच असेल तर गोल, परिघाबरोबर.

सावधान: रंगाऱ्याला सीलची तोंडं आणि खाच टेप लावून झाकून द्या. एका यार्डात आमच्या कॉलरवर इपॉक्सीचे दोन हात बसले, खाचेसकट. रंगाच्या थराने खोली तर कमी झालीच, शिवाय तो थर एकसारखा नव्हता. सगळं खरवडून पुन्हा लेथवर न्यावं लागलं.

स्टेनलेस घेतलंत म्हणून गंजाची चिंता मिटली असंही नाही. रिंगेखालच्या बंद फटीत खारं पाणी अडकलं की ३१६ जातीच्या स्टेनलेसलासुद्धा टोचे पडतात. उपाय कंटाळवाणा आहे: ग्रीस, गोडं पाणी, आणि दर वेळी रिंग काढून पाहणं.

## ७. जोड

दोर रोलवरून काढल्यावर रात्रभर सपाट पडू द्या. गुंडाळीचा पीळ असताना कापलेली लांबी सकाळी वेगळी भरते. १८६६ मोजून, नव्या ब्लेडने, लाकडी साच्यात धरून एका घावात काटकोनात कापा. कात्री नको, ती चेपते आणि टोक तिरकं होतं.

सायनोअ‍ॅक्रिलेटने, म्हणजे फेव्हीक्विकच्या जातीच्या गोंदाने चिकटवलेला जोड चाचणीपुरता ठीक. तो जागच्या जागी कडक होतो आणि बरोबर तिथेच रिंग वाकत नाही. माणूस आत बसणार असेल तर रबर मोल्डिंगवाल्याकडून गरम साच्यात व्हल्कनाइझ केलेला जोड घ्या, आणि एकाच रोलमधून तीन रिंगा करून घ्या. जोडावर बोट फिरवा. गाठ लागली तर ती रिंग परत.

बसवताना जोडाची जागा बिजागरीच्या समोर किंवा मागे नको. दोन कड्यांच्या मध्येही नको. एका कडीच्या बरोबर खाली ठेवा.

## ८. बिजागरी सैल हवी

झाकण टेकायच्या आधी रिंग खाचेबाहेर सुमारे दीड मि.मी. डोकावत असते. बिजागरी घट्ट असेल तर झाकण त्या बाजूला आधी टेकतं आणि समोरून उचलून राहतं. दरवाजा चौकटीत अडकतो तसं. बिजागरीची भोकं उभी लांबट करा, तीन मि.मी. खेळ ठेवा. बिजागरीने झाकण नुसतं जागेवर आणून सोडायचं. दाबायचं काम तिचं नाही.

आता कागदाची चाचणी. वर्तमानपत्राच्या बारा पट्ट्या कापा, घड्याळाच्या बारा आकड्यांवर रिंग आणि कॉलर यांच्यामध्ये ठेवा, कड्या लावा, आणि एकेक ओढा. सगळ्या सारख्या अडल्या पाहिजेत. एखादी सहज सुटली तर तिथली कडी किंवा तिथली सपाटी बघा. नंतर पट्ट्या काढून रिंगेवर खडू घासा, झाकण बंद करून उघडा. कॉलरवर पांढरा पट्टा अखंड उमटला पाहिजे. तो कुठे बारीक झाला असेल तर तिथे चेप कमी आहे, कुठे पसरला असेल तर जास्त.

## ९. चाचणी: आतून हवा भरू नका

सायकलच्या ट्यूबसारखी आत हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावायचं, हे सर्वांना सुचतं. करू नका. रिंग उलट्या बाजूला ढकलली जाते, त्यामुळे निकालाला अर्थ नसतो, आणि वर सांगितलेले ३०० किलो झाकणाला वर फेकायला बसलेले असतात.

आतून हवा काढा. पहिली पायरी अगदी हलकी: पारदर्शक नळी यू आकारात भिंतीवर लावा, रंगीत पाणी भरा, एक टोक हलमध्ये जाणाऱ्या नळाला. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने थोडी हवा ओढा आणि पाण्याच्या पातळ्यांत २० सें.मी. फरक आला की नळ बंद करा. यात झाकणावर साठेक किलोच बळ येतं, म्हणजे रिंग कड्यांच्याच जोरावर उभी असते. आपल्याला तेच बघायचंय. वीस मिनिटं थांबा.

ही चाचणी पहाटे करा. आतली हवा एक अंशाने तापली तर पातळी सुमारे साडेतीन सें.मी. हलते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी नऊनंतर अंश कसे चढतात ते सांगायला नको. आम्ही एकदा अर्धा दिवस न गळणाऱ्या हॅचची गळती शोधत बसलो होतो.

पातळी टिकली की एसीवाल्याचा व्हॅक्यूम पंप लावून ०.२ बार ओढा, म्हणजे साधारण दोन मीटर पाणी. इथे तासभर. मग पाण्यातली चाचणी, आत माणूस नाही, वजनं आणि वर ओढायला दोर. आत प्रत्येक कोपऱ्यात टिश्यू पेपर चिकटवा. पाण्याचा एक थेंब कुठे पडला ते टिश्यू सांगतो, बादलीभर पाणी साचल्यावर कोणालाच काही कळत नाही. शेवटची खोली कामाच्या सव्वापट, म्हणजे २५ मीटर.

सावधान: मुंबई बंदराच्या हद्दीत बंदर प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय असलं काही पाण्यात उतरवू नका. नौदलाचा तळ आणि गोदी शेजारी आहे. पाण्याखालची अनोळखी वस्तू तिथे कोणी गंमत म्हणून घेणार नाही.

## १०. दर वेळी, झाकण लावण्याआधी

रिंग काढा. खाच धुतलेल्या सुती कापडाने पुसा, लोकर किंवा धागे सुटणारं फडकं नको. डोक्याचा एक केस रिंगेखाली आडवा गेला की थेंब थेंब सुरू होतं, हे मी दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा केस माझाच होता. रिंग दोन बोटांतून पूर्ण फिरवा, डोळे मिटून. चीर डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागते. ग्रीस इतकंच की रिंग चमकेल, खाच भरण्याइतकं नाही. ग्रीसही जागा घेतं आणि रबराला पसरायला उरत नाही.

पाण्यातून आल्यावर रिंग गोड्या पाण्याने धुवून, सुकवून, सपाट ठेवा. मोसमाबाहेर झाकण कड्या आवळून ठेवू नका, रबर महिनोन् महिने दबलेलं राहिलं की चपटं होतं आणि परत फुगत नाही. तिसऱ्या झाकणाच्या मालकाने रिंग अगदी जपून ठेवली होती: शेडमध्ये खिळ्याला, उन्हाच्या तिरिपेत टांगून. जूनमध्ये काढली तेव्हा ती लांबट झालेली आणि खिळ्याच्या जागी बारीक भेगा. सुटी रिंग मोठ्या ताटात, वर्तमानपत्राखाली, काळोखात ठेवा.